हौशी फुटबॉल लीगचा इतिहास लिहायचाय? आधी टेबलं जुळवा

आपल्या भागातल्या लीगचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक जण विजेत्यांच्या यादीपासून सुरुवात करतात. कुठल्या साली कोण जिंकलं, सगळ्यात जास्त वेळा कोण जिंकलं, मग दोन-चार गाजलेले खेळाडू, एक ग्रुप फोटो, झालं पुस्तक. यादी लागतेच, नाही कोण म्हणतंय, पण हौशी लीगमध्ये वर्षानुवर्षं दोन-तीनच क्लब जिंकत असतात आणि बाकीचे दहा-बारा क्लब फक्त खेळत असतात, लीग चालते ती ह्यांच्या जीवावर. इंग्लंडमधली इस्थमियन लीग १९०५ साली सहा क्लबनी सुरू केली तेव्हा विजेत्याला ट्रॉफी नाही की मेडल नाही, मान मिळाला की बास असं त्यांचं ब्रीदवाक्यच होतं. अशा लीगचा इतिहास कपांच्या कपाटातून कसा निघणार?

तर माझं म्हणणं साधं आहे, आधी सीझनवार टेबलं, म्हणजे गुणतक्ते, जुळवा, किस्से नंतर. किस्से गोड असतात आणि त्यांच्या मागे लागलं की माणूस वाहवत जातो. टेबल पुरं असेल तर किस्सा खरा की खोटा हे पाच मिनिटांत कळतं.

पहिलं काम म्हणजे "लीग" म्हणजे नक्की काय धरायचं ते ठरवा. नाव बदलतं, स्पॉन्सर येतो-जातो, दुसरी डिव्हिजन सुरू होते, मधे दोन वर्षं बंद पडते आणि परत चालू होते तेव्हा कमिटी वेगळी असते. मग ही तीच लीग का नवी? माझ्या मते बघायचं ते नाव नाही, रजिस्ट्रेशनचं रजिस्टर आणि कमिटीचं मिनिट्स बुक (बैठकांच्या नोंदींची वही) पुढे चालू राहिलं का ते. तेच रजिस्टर, तीच शिल्लक पुढे ओढलेली असेल तर लीग तीच. जे काय ठरवाल ते सुरुवातीलाच लिहून ठेवा, नाहीतर अर्ध्यावर आल्यावर स्वतःच्याच सोयीने नियम बदलायला लागाल.

मग प्रत्येक सीझनसाठी एक शीट. एक्सेल, गूगल शीट, काहीही चालेल, वहीसुद्धा चालते. तारीख, मैदान, दोन टीम, स्कोअर, गोल कोणी मारले, रेफ्री, आणि शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा, ही माहिती आली कुठून. हा कॉलम सोडायचा नाही. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की हा ४–३ कुठून आणला तर तुम्हालाच आठवणार नाही. एकाच मॅचचे दोन वेगळे स्कोअर मिळाले तर दोन्ही लिहा, एक खोडू नका.

माहिती मिळते कुठे म्हणाल तर पेपरचे जुने अंक, पण पेपर वाचताना एक फार कॉमन घोटाळा होतो, बातमीची तारीख तीच मॅचची तारीख धरली जाते. बातमीत "काल" असेल तर एक दिवस मागे, "रविवारी" असेल तर कॅलेंडर काढून बघायचं, आणि मजकूर दुसऱ्या गावाहून आला असेल तर आणखी दोन दिवस उशीर. दुसरं म्हणजे घाईत छापलेला निकाल पुढच्या अंकात गुपचूप दुरुस्त केलेला असतो, म्हणून मॅचनंतरचे निदान दोन-तीन अंक चाळायचेच. पण खरी खाण पेपर नाही, मिनिट्स बुक आहे. तिथे मॅचचं वर्णन नसतं, तक्रारी असतात! अमुक क्लबने रजिस्टर न केलेला खेळाडू खेळवला, तमुक मैदानावर गोलला जाळीच नव्हती, रेफ्री आलाच नाही म्हणून प्रेक्षकातल्याच एकाने शिट्टी घेतली, वर्गणी थकली म्हणून क्लबला नोटीस. लीग कशी चालायची हे ह्या भांडणांतूनच कळतं. मिनिट्स बुक बहुतेक वेळा कुठल्यातरी माजी सेक्रेटरीच्या माळ्यावर असतं, ते उसनं मागू नका, तिथेच बसून फोनवर पानं स्कॅन करा, घरचे लोक मग निवांत असतात आणि पुढच्या वेळी दार उघडतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९४ पासून आरएसएसएसएफ नावाची मंडळी जगभरची टेबलं जमवतायत, तुमची लीग तिथे नसली तरी टेबल मांडायची पद्धत तिथून उचलण्यासारखी आहे.

आता टेबल तपासायचं कसं. ह्यात मला स्वतःला सगळ्यात मजा येते. साखळीत सगळ्यांच्या विजयांची बेरीज आणि सगळ्यांच्या पराभवांची बेरीज सारखी यायलाच पाहिजे, बरोबरीची बेरीज सम आकडाच यायला पाहिजे, आणि मारलेले गोल आणि खाल्लेले गोल समान. १० टीम एकमेकींशी दोनदा खेळल्या तर ९० मॅचेस, विजयाला दोन आणि बरोबरीला एकेक पॉइंट असेल तर टेबलात एकूण १८० पॉइंट, ना एक कमी ना एक जास्त. १७८ येत असतील तर कुणाचे तरी पॉइंट कापलेत, किंवा एक मॅच झालीच नाही, किंवा छापणाऱ्याची चूक. तिन्हीपैकी काय ते मॅचेसचा कॉलम सांगतो, तिथे बेरीज १८० ऐवजी १७८ असेल तर मॅच झाली नाही, बरोबर असेल तर मिनिट्स बुकात शिक्षा शोधा. गोलची बेरीज जुळत नसेल तर आधी वॉकओव्हर (समोरची टीम आलीच नाही म्हणून न खेळता मिळालेला विजय) बघा, काही टेबलांत वॉकओव्हरचे गोल जिंकणाऱ्याच्या खात्यात धरतात पण हरणाऱ्याच्या नाही. आणि पॉइंट विजयाला तीन असतील तर एकूण आकडा ठरलेला नसतो, मॅचेस गुणिले तीन वजा बरोबरीच्या मॅचेस, असा येतो.

म्हणूनच त्या त्या काळचे नियम माहिती हवेत. आजचा चष्मा लावून जुनं टेबल वाचलं की वाट लागते. इंग्लंडची फुटबॉल लीग १८८८ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली आणि विजयाला दोन, बरोबरीला एक असं ठरलं कधी, तर नोव्हेंबरमध्ये! अडीच महिने लोक खेळत होते आणि पॉइंट कसे मोजायचे तेच पक्कं नव्हतं. तीन पॉइंटची पद्धत त्या लीगमध्ये १९८१ ला आली, पण इस्थमियन लीगने ती १९७३ लाच घेतली होती, म्हणजे मोठ्यांच्या आधी छोट्यांनी. तेव्हा "वरच्या लीगमध्ये अमुक साली बदललं म्हणजे आपल्याकडेही तेव्हाच" असं धरू नका, आपल्या लीगचा नियम आपल्याच कागदात शोधा.

गोल अ‍ॅव्हरेजचंही तसंच. पूर्वी पॉइंट सारखे झाले की मारलेले गोल भागिले खाल्लेले गोल असा हिशोब व्हायचा, इंग्लिश लीगमध्ये हे १९७६ पर्यंत चाललं, मग गोल डिफरन्स आला, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले. फरक केवढा पडतो बघा, एका टीमने ३० मारले १५ खाल्ले, दुसरीने ५० मारले २८ खाल्ले. अ‍ॅव्हरेजने पहिली वर, २ विरुद्ध १.७९. डिफरन्सने दुसरी वर, २२ विरुद्ध १५. म्हणजे जुन्या टेबलात "चुकीची" टीम वर दिसली तर लगेच पेन्सिल काढून सुधारू नका, बऱ्याचदा तीच बरोबर असते. मॅचची लांबीसुद्धा गृहीत धरू नका, भारतात १९५० च्या दशकातही देशातल्या स्पर्धांमध्ये ७० मिनिटांच्या मॅचेस व्हायच्या, त्यामुळे ७५ व्या मिनिटाला विजयी गोल मारल्याची आठवण त्या काळातली कोणी सांगितली तर जरा थांबा. बदली खेळाडूचंही बघा, इंग्लिश लीगमध्ये १९६५ ला एकच आणि तोही कुणी जखमी झाला तरच, त्याआधी दहा जणांनी मॅच संपवली असं वाचलं तर रेफ्रीनेच बाहेर काढलं असं नाही, पाय मोडला असेल.

अर्धवट सीझनचं काय करायचं हा वादाचा विषय आहे. १९३९ ला युद्ध लागलं आणि इंग्लिश लीग दोन-तीन मॅचेसनंतर थांबली, त्या मॅचेस रेकॉर्डमधून काढून टाकल्या. अगदी अलीकडचं म्हणजे २०१९-२० चा सीझन, कोविडमुळे इंग्लंडमधल्या खालच्या पातळीवरच्या लीगचे निकालच रद्द केले, त्यात जर्सी बुल्स नावाची टीम २७ पैकी २७ मॅचेस जिंकून बसली होती. अधिकृतरीत्या तो सीझन झालाच नाही. मी काय करतो, अशा सीझनचं टेबल देतो, वर ठळक लिहितो "रद्द", आणि एकूण आकडेवारीत धरत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने मॅच झाली नाही असं म्हणू नये, झाली आणि रद्द झाली असं म्हणावं. पावसाने, दंगलीने, परीक्षांमुळे, मैदान लग्नाला दिल्यामुळे बुडालेल्या सीझनलाही हेच.

क्लबची वंशावळ काढायला वेळ द्या, इथे घाई करू नका. हौशी क्लब म्हणजे कधी कारखाना, कधी रेल्वे, कधी पोलीस, कधी कॉलेज, कोल्हापुरात तर तालमी. जिथून टीम आली ती संस्था हलली की टीम हलते. कलकत्ता लीग १८९८ ला सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ग्लॉस्टरशायर रेजिमेंट जिंकली, त्या काळात पलटणींच्या टीम जोरात होत्या, आणि पलटणीची बदली झाली की टेबलातून नाव गायब. ती टीम संपली नाही, दुसऱ्या छावणीत गेली. मग १९३४ पासून सलग पाच वर्षं मोहमेडन स्पोर्टिंगने ती लीग जिंकली, पहिल्यांदाच भारतीय क्लब विजेता. ३६ वर्षांत विजेते कसे बदलले हे नुसत्या यादीतही दिसतं पण का बदलले ते टीम कुठल्या लोकांची होती हे लिहिल्याशिवाय दिसत नाही. प्रत्येक क्लबसाठी म्हणून चार गोष्टी लिहा, स्थापना कोणी केली, मैदान कोणाचं, खर्च कोण करायचं, आणि बंद पडला असेल तर खेळाडू कुठे गेले. दोन क्लब एकत्र झाले असतील तर जुन्या क्लबची विजेतेपदं नव्याला देऊन टाकू नका, वेगळी ठेवा, भांडणं वाचतात.

आता "हौशी" ह्या शब्दाकडे या, कारण इथे सगळे गप्प बसतात. पैसे घ्यायचे नाहीत असा नियम आणि बुटात नोटा, हे जगभर झालंय. इंग्लंडमधली नॉर्दर्न लीग १८८९ पासूनची, नावाजलेली हौशी लीग, पण १९२८ मध्ये क्रुक टाउन क्लबच्या पैशांचं प्रकरण बाहेर आलं आणि डरहॅम भागातल्या शेकडो खेळाडूंवर कारवाई झाली. शेवटी एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, १९७४ ला हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला, एफए अ‍ॅमॅच्युअर कपही त्याच वर्षी संपला. तुमच्या लीगमध्ये नोकरी देऊन खेळाडू ओढले जायचे का, प्रवासभत्त्याच्या नावाखाली काय जायचं, हे विचारा. सांगतील, पण नाव न छापण्याच्या अटीवर, ती अट पाळा. हयात माणसाची दहा वर्षांपूर्वीची सस्पेन्शन नावानिशी छापायची काही गरज नसते, प्रकार आणि साल पुरतं.

आणि कागदात जे नाही ते मैदानावर नव्हतं असं समजू नका. १९२१ च्या डिसेंबरमध्ये एफएने आपल्या क्लबच्या मैदानांवर बायकांच्या मॅचेसना बंदी घातली, त्याच्या वर्षभर आधी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर "डिक, केर लेडीज" ह्या बायकांच्या टीमच्या मॅचला पन्नास हजारांवर लोक आले होते. बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. तेवढ्या काळात लीगच्या मिनिट्समध्ये बायकांचं फुटबॉल सापडणार नाही, पण खेळ चालू होता. त्याची माहिती घरोघरी विचारूनच काढावी लागते.

मुलाखती सगळ्यात शेवटी, टेबलं हातात आल्यावर. म्हाताऱ्या खेळाडूला "कुठलं साल होतं" असं विचारू नका, कोणालाच आठवत नाही. तेव्हा कामाला लागला होतात का, लग्न झालं होतं का, गोलकीपर कोण होता असं विचारा, साल आपोआप सापडतं. फोटो घेऊन जा, जुन्या टीम फोटोत मधल्या बॉलवर किंवा पाटीवर बऱ्याचदा सीझन लिहिलेला असतो, आणि नावं विचारताना मागची रांग, पुढची रांग, डावीकडून अशीच लिहून घ्या. एकाच मॅचबद्दल दोन्ही टीमच्या माणसांना वेगवेगळं बसवून विचारा. दोघंही म्हणतील ऑफसाइड होता, फक्त गोल वेगळा असेल. रेफ्री आणि लाइन मारणारा, जाळ्या बांधणारा माणूस, ह्यांना कोणी विचारत नाही, त्यांच्याकडे सगळ्यात जास्त असतं.

लिहायला बसलात की दशकवार लिहू नका, दशकाला फुटबॉलशी काही देणंघेणं नसतं. लीग जिथे वळली तिथे धडा पाडा, मैदान गेलं, कारखाना बंद झाला, दुसरी डिव्हिजन आली. टेबलं मागे, सगळी, तळाची टीमसुद्धा. जे स्कोअर मिळाले नाहीत त्यांची यादी मात्र पहिल्याच पानावर द्या, तारीख आणि दोन टीमच्या नावासकट, खाली फोन नंबर, आणि पहिली प्रत छापखान्यात न टाकता पीडीएफ करून आधी सगळ्या जुन्या क्लबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडा. पहिल्या रात्रीच शिव्या आणि दुरुस्त्या दोन्ही येतील, त्यातल्या दुरुस्त्या शीटमध्ये टाका, शेवटच्या कॉलममध्ये सांगणाऱ्याचं नाव लिहा आणि मगच छापायला द्या.