फिलाडेल्फिया बघायला जाताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत मुलाकडे किंवा लेकीकडे आलेल्या आईबाबांना फिलाडेल्फिया दाखवायचं, तर बेत ठरलेला असतो. उशिरा निघायचं, लिबर्टी बेल ही प्रसिद्ध घंटा बघायची, ‘रॉकी’ सिनेमामुळे गाजलेल्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवर फोटो काढायचा, काहीतरी खायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. १६८२ साली वसलेलं हे शहर. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना इथल्या इंडिपेंडन्स हॉलमधल्या एकाच खोलीत संमत झाली. १७९० ते १८०० ही देशाची राजधानी होती. शिवाय आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या याच शहरात. घाईच्या फेरीत यातलं फारसं काही हाती लागत नाही, आणि त्यामागच्या चुका बहुतेक वेळा अगदी साध्या असतात.

इंडिपेंडन्स हॉलला तिकीट न काढता जाणं

प्रवेश मोफत आहे एवढंच ऐकून लोक थेट दारात जाऊन उभे राहतात. पण वर्षातला बहुतेक काळ आत जायला ठरावीक वेळेचं तिकीट लागतं. तिकिटाला पैसे पडत नाहीत, ऑनलाइन आरक्षणाचा मात्र माणशी १ डॉलर लागतो. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारची तिकिटं बरीच आधी संपतात. तिकिटावरची वेळ ही आतला फेरफटका सुरू होण्याची असते आणि त्याआधी सुरक्षा तपासणीची रांग असते. म्हणून निदान अर्धा तास आधी पोहोचा आणि मोठ्या बॅगा सोबत नेऊ नका.

तिकीट मिळालंच नाही तर? आदल्या दिवशी संध्याकाळी संकेतस्थळ पुन्हा एकदा उघडून बघा. तरीही नाही मिळालं, तर दिवस फुकट गेला असं समजू नका. पहिली काँटिनेंटल काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, १७७४ मध्ये जिथे भरली तो कारपेंटर्स हॉल दोन चौकांवर आहे. इंडिपेंडन्स हॉलच्या शेजारच्या काँग्रेस हॉललाही वेगळं तिकीट लागत नाही. १७९७ मध्ये जॉन अ‍ॅडम्स यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी तिथे झाला. सत्ता पहिल्यांदा एका निवडून आलेल्या माणसाकडून दुसऱ्याकडे शांतपणे गेली ती त्या सभागृहात. माझ्या मते ते बघणं मुख्य हॉलइतकंच मोलाचं आहे.

आत गेलात की मूळ जाहीरनामा शोधत बसू नका, तो वॉशिंग्टन डीसीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्याऐवजी तो संमत झाला त्या असेंब्ली रूममधली जॉर्ज वॉशिंग्टन यांची खुर्ची नीट बघा. ती अस्सल आहे. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. १७८७ मध्ये राज्यघटनेवर सह्या होत असताना वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन म्हणाले होते, की हा सूर्य उगवतोय की मावळतोय हे इतके दिवस कळत नव्हतं, आता खात्री पटली की तो उगवता आहे. ही गोष्ट माहीत असली, की त्या खोलीत उभं राहताना अंगावर काटा येतो.

घंटेची चुकीची गोष्ट घेऊन परतणं

‘४ जुलै १७७६ ला ही घंटा वाजली आणि वाजताना तडकली’ ही गोष्ट मुलांना सांगू नका. त्या दिवशी घंटा वाजल्याची कथा एकोणिसाव्या शतकातल्या एका कथालेखकाच्या कल्पनेतून आली आहे. घंटा लंडनमध्ये ओतली गेली, १७५२ मध्ये इथे आली आणि चाचणीच्या वेळीच तडकली. मग पास आणि स्टो या स्थानिक कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. आपल्याला दिसते ती रुंद भेग म्हणजे खरं तर १८४६ मधल्या दुरुस्तीची खूण आहे. तडा वाढू नये म्हणून तो मुद्दाम कोरून रुंद केला होता. त्या दुरुस्तीनंतरही नवी बारीक चीर गेलीच आणि घंटा कायमची मुकी झाली. ती चीर रुंद भेगेच्या वरच्या टोकापासून पुढे जाताना दिसते. नीट शोधा.

घंटेला तिकीट नाही, पण रांग असते. रांग फार लांब असेल आणि सोबतच्या वडीलधाऱ्यांना उभं राहवत नसेल, तर बाहेरच्या काचेतूनही घंटा दिसते.

घंटा पाहून लगेच पुढे निघून जाणं

माझ्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी चूक. घंटेच्या इमारतीला लागूनच छत नसलेल्या विटांच्या भिंती आहेत. बरेच लोक ते अर्धवट बांधकाम समजून पुढे जातात. राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन आणि त्यांच्यानंतर अ‍ॅडम्स राहत होते त्या घराची ती जागा आहे. वॉशिंग्टन यांनी इथे ९ माणसांना गुलामीत ठेवलं होतं. त्यांची नावं तिथे दगडात कोरली आहेत.

पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राज्यात राहिला, तर स्वातंत्र्य मागू शकत होता. म्हणून वॉशिंग्टन मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर पाठवून परत आणत. त्यांतली ओना जज ही तरुणी १७९६ मध्ये घरातली मंडळी जेवायला बसलेली असताना निसटली, जहाजाने न्यू हँपशायरला पोहोचली आणि मरेपर्यंत हाती लागली नाही. वॉशिंग्टन यांचा नावाजलेला स्वयंपाकी हर्क्युलीस पुढच्या वर्षी माउंट व्हर्ननहून निसटला. आणि शेजारच्या त्या घंटेला ‘लिबर्टी बेल’ हे नाव रूढ केलं ते १८३० च्या दशकातल्या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी. दोन्ही जागा एकामागोमाग एक बघितल्या, तरच या चौकाचा अर्थ पूर्ण लागतो.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. ज्या मराठी माणसाने ते वाचलं आहे, त्याने इथे निदान पंधरा मिनिटं थांबावं. आणखी वेळ असेल तर दक्षिणेला चालत मदर बेथेल चर्चपर्यंत जा. गुलामीत जन्मलेल्या रिचर्ड अ‍ॅलन यांनी १७९४ मध्ये ते स्थापन केलं. आजची इमारत नंतरची आहे, पण जागा तीच आणि आजही त्याच मंडळीची.

आनंदीबाईंना चुकीच्या ठिकाणी शोधणं

‘आनंदीबाईंची समाधी फिलाडेल्फियात कुठे आहे?’ असं अनेक जण विचारतात. ती इथे नाही. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेतल्या त्यांच्या पाठीराख्या थिओडिसिया कारपेंटर यांच्याकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कारपेंटर कुटुंबाच्या जागेत पुरल्या गेल्या. फिलाडेल्फियाहून ते गाव काही तासांच्या अंतरावर आहे, म्हणून त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

त्यांचं वुमन्स मेडिकल कॉलेजही आज त्या रूपात नाही. त्यांच्या काळी ते नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर होतं, १९३० मध्ये ईस्ट फॉल्स भागात हललं आणि पुढे इतर संस्थांत विलीन होत गेलं. त्याची कागदपत्रं आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. तिथे अचानक जाऊन काही बघायला मिळेल असं समजू नका. आधी ईमेल करून काय बघायचं आहे ते कळवा. ऑक्टोबर १८८५ मधला आनंदीबाई, जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली यांचा प्रसिद्ध फोटो याच कॉलेजच्या काळातला. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या, आणि १८८७ मध्ये रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक याच शहरात छापलं गेलं.

कॉलेजच्या त्या जुन्या जागेपासून, नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूहून, चालत जाण्याजोग्या अंतरावर ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हा जुना तुरुंग आहे. १८२९ मध्ये सुरू झाला, १९७१ मध्ये बंद झाला. मधल्या मनोऱ्यापासून चहूबाजूंना फाकलेल्या कोठड्यांच्या रांगा पाहिल्या की आपल्याला अंदमानचं सेल्युलर जेल आठवतंच. कैद्याला एकांतात ठेवलं की तो पश्चात्ताप करेल, या समजुतीतून तो बांधला होता. दोन तास तरी हाताशी ठेवा. आत थंडी आणि ओल असते, हिवाळ्यात जाड कपडे हवेतच.

पायऱ्या चढून फोटो काढून परतणं

कलासंग्रहालयाच्या ७२ पायऱ्या धावत चढायच्या आणि आत न शिरता उतरायच्या, हे वर्षानुवर्षं चाललं आहे. आत मदुराईच्या मदनगोपाल स्वामी मंदिराच्या सोळाव्या शतकातल्या कोरीव खांबांचा आख्खा मंडप उभा आहे. ॲडलीन पेपर गिब्सन यांनी १९१२ मध्ये मदुराईत ते दगड विकत घेतले आणि त्यांच्या निधनानंतर कुटुंबाने ते संग्रहालयाला दिले. भारताबाहेर असं दालन क्वचितच बघायला मिळतं. संग्रहालय आठवड्यातले काही दिवस बंद असतं, तेव्हा वार बघूनच बेत ठरवा.

काही बारीकसारीक गोष्टी

एल्फ्रेथ्स ॲली या जुन्या गल्लीतली अठराव्या शतकातली घरं देखणी आहेत, पण त्यांत आजही लोक राहतात. खिडक्यांतून डोकावू नका, पायऱ्यांवर बसू नका. रस्ता गोट्यांचा आहे, गुडघे दुखणाऱ्यांना काठी आणि चांगले बूट लागतील. फ्रँकलिन यांच्या कबरीवर नाणी टाकायची प्रथा आहे, पण त्या माऱ्याने संगमरवराला खड्डे पडले आहेत. नाणं खिशातच राहू द्या. बेट्सी रॉस यांनी अमेरिकेचा पहिला झेंडा शिवला, ही कथा त्यांच्या नातवाने १८७० मध्ये प्रथम जाहीरपणे सांगितली. त्या काळचा पुरावा नाही. त्यांचं घर एका कारागिराचं म्हणून बघा, आवडेल.

जुन्या भागात गाडी घेऊन फिरू नका. एकदा पार्क करा आणि चाला, किंवा ट्रेंटनहून लोकल पकडा. जेवणासाठी १८९३ पासूनचं रीडिंग टर्मिनल मार्केट उत्तम, शाकाहारी माणसालाही तिथे भरपूर मिळतं. फक्त रविवारी तिथले आमिश (साधेपणाने जगणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे) विक्रेते येत नाहीत, आणि त्यांचे ताजे प्रेट्झेल हवे असतील तर शनिवार गाठा, तोही बारा वाजायच्या आत.