अकरावीच्या केमिस्ट्रीची सुट्टीत तयारी करताय? मग या चुका टाळा

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावी सुरू व्हायला मध्ये चांगले दोन-तीन महिने मिळतात, त्यात आंबे खायचे, गावाला जायचं आणि भेटेल त्या काकांकडून "सायन्स घेतोयस ना, मग केमिस्ट्री आत्ताच बघून ठेव" हे ऐकायचं. बघून ठेवायला काहीच हरकत नाही हो, फक्त बरीच पोरं भलत्याच टोकाकडून सुरुवात करतात.

म्हणजे डायरेक्ट ऑरगॅनिक, कार्बनच्या संयुगांची केमिस्ट्री! कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं असतं की खरे मार्क तिथेच आहेत, मग मे महिन्यात मेकॅनिझमचे (रिअ‍ॅक्शन टप्प्याटप्प्याने कशी होते ते दाखवणारे) बाण काढणं सुरू, आणि इकडे अल्युमिनियम सल्फेटचा फॉर्म्युला लिहायला सांगितला की गाडी अडते. अल्युमिनियमवर तीन पॉझिटिव्ह, सल्फेटवर दोन निगेटिव्ह, म्हणून दोन अल्युमिनियमला तीन सल्फेट, हे झटकन यायला पाहिजे. सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, फॉस्फेट, अमोनियम यांचे चार्ज आणि रिअ‍ॅक्शन बॅलन्स करणं, सुट्टीत एवढं पक्कं झालं तरी खूप झालं. पिरिऑडिक टेबलची ११८ च्या ११८ मूलद्रव्यं घोकू नका, पहिली ३० क्रमाने आली की भागतं. सिंबॉल लिहिताना मात्र कॅपिटल-स्मॉल सांभाळा, कोबाल्टच्या Co मधला 'ओ' मोठा काढलात की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो.

आता मोल, म्हणजे अणू-रेणू मोजायचं एकक, डझनसारखंच पण प्रचंड मोठं. इथे जास्त वेळ द्या, कारण पुढे दोन वर्षं हा पाठ सोडत नाही. मोल काढायला वजन भागिले मोलर मास (एका मोलचं वजन) हे सगळ्यांना पाठ असतं, ९ ग्रॅम पाणी म्हणजे अर्धा मोल हेही येतं, पण गणित जरा फिरवलं की घोळ. समजा ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन घेतला, पाणी तयार करायचंय, आधी काय संपेल? बहुतेक जण हायड्रोजन म्हणतात, कारण तो ग्रॅममध्ये कमी दिसतो. पण ४ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे २ मोल, १६ ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे फक्त अर्धा मोल, आणि एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन लागतात, म्हणजे १ मोल हायड्रोजन वापरला जातो, ऑक्सिजन आधी संपतो, पाणी होतं १८ ग्रॅम आणि २ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. शेवटी बेरीज करून बघा, १८ अधिक २ म्हणजे २०, जेवढं घेतलं तेवढंच. ग्रॅमची तुलना करायचीच नाही, आधी मोलमध्ये आणा.

उत्तर बरोबर १००० पटीने चुकतंय? मग मिलिलिटरचे लिटर करायचे राहिलेत. पुस्तकात डेसिमीटर क्यूब दिसला की घाबरू नका, तो लिटरच. गॅसच्या गणितात तापमान केल्विनमध्येच घ्या. आणि एका मोल गॅसला कुठे २२.४ लिटर, कुठे २२.७ दिसलं तर छपाईची चूक समजू नका: ० डिग्रीला प्रेशर १ अ‍ॅटमॉस्फिअर धरलं तर २२.४, १ बार धरलं तर २२.७. प्रश्नात काय दिलंय ते बघायचं.

व्हिडिओ बघा, पण पेन हातात घेऊन. नुसतं बघितलं की सगळं समजल्यासारखं वाटतं, बस्स.

लॉग टेबल कोणी सुट्टीत उघडत नाही आणि मला हे अजिबात पटत नाही, कारण बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबलच वापरायचं असतं. नेहमीची चूक बारची, म्हणजे आकड्याच्या डोक्यावरच्या आडव्या रेघेची. ०.००२ चा लॉग बार ३ पॉइंट ३०१० येतो, त्यात मायनस फक्त ३ ला आहे, म्हणजे खरी किंमत मायनस २.६९९०. पोरं सरळ मायनस ३.३०१० धरतात, त्याचा अँटिलॉग (लॉगवरून परत मूळ संख्या) येतो ०.०००५, म्हणजे उत्तर चक्क चौथा हिस्सा!

आणि हो, घरी प्रयोग करायची हौस आली तर बाथरूममधली लिक्विड एकमेकांत ओतू नका. अ‍ॅसिडवाला टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन गॅस सुटतो, बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. हौस भागवायला हळद लावलेला कागद पुरतो, त्यावर साबणाचं पाणी टाका, लाल होईल, मग लिंबू पिळा, परत पिवळा.