दारू सोडायच्या मिटिंगला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे नेटवर पत्ता बघायचा आणि थेट निघायचं. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, एकमेकांच्या आधाराने दारू सोडणाऱ्यांची संघटना, यांच्या मिटिंगा बहुतेक वेळा शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर कुठल्यातरी समाजमंदिरात भरतात, जागा दुसऱ्याची असते त्यामुळे वार बदलतो, वेळ बदलते आणि नेटवरचा पत्ता तसाच राहतो. देवगडवरनं एसटी बदलत बदलत तिन्हीसांजेला पोचलेला माणूस बंद दार बघतो आणि परतीच्या गाडीला दीड तास असतो, स्टँडसमोर बार उघडा असतो, पुढचं सांगायला नको. म्हणून आधी फोन करा. ग्रुपच्या माणसाला स्पष्ट विचारा की मिटिंग नक्की आहे का, ओपन आहे की क्लोज्ड (क्लोज्डला फक्त दारू सोडायची असलेले बसतात, ओपनला घरचे पण चालतात), संपते किती वाजता आणि शेवटची गाडी मिळेल का. हे सांगितलंत तर कोणीतरी बाईकवरनं स्टँडपर्यंत सोडतोच, हा माझा अनुभव आहे. आणि जवळपास ग्रुपच नसेल तर ऑनलाइन मिटिंग असतात, मराठीतसुद्धा, रेंज येते त्या पडवीत बसून ऐका.

दुसरी गोष्ट लाजेची, आणि कोकणात हीच सगळ्यात मोठी. एक जण आमच्याकडे आला तो हॉलच्या बाहेर गाडीवर बसून राहिला, हेल्मेट काढेना. काच खाली, आतनं घाम. मिटिंग सुरू झाली, प्रार्थना झाली, तरी हा बाहेरच. शेवटी चहा घेऊन एक जण गेला त्याच्याकडे, आणि चहा प्यायला हेल्मेट काढावंच लागलं. आत आला तर समोर त्याच्याच वाडीतला एसटीचा कंडक्टर बसलेला! दोघंही एकमेकांकडे बघत राहिले आणि मग कंडक्टर म्हणाला, "ये रे, बस हय." त्या माणसाला वाटत होतं गावात समजेल. अहो, पितो हे गावाला कधीचं माहितीय, गटारीला कुठे पडला होता ते पण माहितीय. मिटिंगमध्ये ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हा तिथला नियम आहे, आडनाव सांगायची सक्ती नाही, फी नाही, सही नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट, बाकी धर्म जात पक्ष काही विचारत नाहीत.

एकाच मिटिंगवरनं ठरवू नका. पहिल्यांदा गेलं की वाटतं हे लोक फार देव देव करतात, किंवा माझी अवस्था यांच्याएवढी वाईट नाही. निदान पाच-सहा मिटिंगा बसा, जमलं तर दुसरा ग्रुप बघा, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. बोलायचं नसेल तर नुसतं ऐका. पण मिटिंग संपल्यावर लगेच पळू नका, खरी ओळख चहाच्या वेळी होते, फोन नंबर तिथेच मिळतात. ही चळवळच १९३५ साली अमेरिकेत एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याशी बोलण्यातून सुरू झालीय.

आता हे नीट वाचा. रोज सकाळी उठल्या उठल्या लागत असेल तर मिटिंगला जायचं म्हणून एकदम बंद करू नका. हात थरथरणं, घाम, झोप उडणं इथून सुरू होतं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवावर बेततं. आधी डॉक्टर, सिव्हिलला जा, औषधावर उतरवून घ्या, मिटिंग त्याच्या जोडीला. आणि मिटिंगमधल्या कोणी सांगितलं म्हणून डॉक्टरची गोळी बंद करायची नाही.

घरच्यांची चूक यापेक्षा भयंकर. नवऱ्याला न सांगता आमटीत गोळी घालायची! ही दारू सोडवायची गोळी, डायसल्फिराम, पोटात असताना दारू घेतली की बीपी कोसळतं, छाती धडधडते, माणूस दगावू शकतो. ही गोळी रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच. वहिनी, काकी, तुम्हाला स्वतःसाठी अल-ॲनॉन आहे, घरच्यांचा वेगळा ग्रुप, तो पिणं सोडो न सोडो तुम्ही जाऊ शकता.

सणात मिटिंग चुकवणं हे तर दरवर्षीचं. गणपतीत चाकरमानी येतात, भजन आटपलं की मागच्या अंगणात बाटली उघडते, "एकान काय होतला?" शिमग्यात तेच, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा खलाशी रिकामे बसतात. म्हणून सण यायच्या आधीच स्पॉन्सरला, म्हणजे ग्रुपमधला जो जुना माणूस तुम्हाला सोबत करतो त्याला, सांगून ठेवा की रात्री फोन करीन, आणि त्या आठवड्यात एक मिटिंग जास्त लावा.

आणि घसरलात तर लपून बसू नका. महिना दोन महिने तोंड चुकवणारेच परत अडकतात. दुसऱ्या दिवशी जा, सांगा काल घेतली, कोणी ओरडत नाही, दिवस परत एकपासून मोजायचे. रात्री कोणी फोन उचलत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, नशामुक्तीचा वेगळा नंबर १४४४६, दोन्ही आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा.