सिव्हिलायझेशन सिक्स: पहिल्या ५० टर्नमध्ये तिजोरी आणि शेजारी कसे सांभाळावेत

सिव्हिलायझेशन सिक्स या संगणकावरच्या डावपेचांच्या खेळात सुमेरियाचा राजा गिल्गामेश भेटला तेव्हा माझ्या तिजोरीत चाळीसेक गोल्ड होतं. शिष्टमंडळ पाठवायला २५ लागतात. म्हटलं, कशाला उगाच, बिल्डरसाठी (शेतं, खाणी उभारणारा कामगार) साठवू. राजधानीत स्टोनहेंजचं काम चालू होतं आणि राखणीला एकच वॉरियर होता. पंधराएक टर्नांनी (टर्न म्हणजे खेळातली एक पाळी) सुमेरियाचे तीन युद्धरथ हद्दीवर येऊन उभे राहिले आणि स्टोनहेंज अर्धवट राहिलं ते राहिलंच. गंमत म्हणजे हा गिल्गामेश या गेममधला सगळ्यात दोस्तीवेडा राजा समजला जातो!

तेव्हापासून सुरुवातीचे ५० टर्न मी दुकानदारासारखे खेळतो. शेजारी म्हणजे गिऱ्हाईक; त्याला नाराज करायचं नाही आणि त्याच्या खिशातला पैसा आपल्या गल्ल्यात कसा येईल ते बघायचं. खालचं सगळं ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या २०१९च्या विस्ताराच्या नियमांप्रमाणे आहे. वेग स्टँडर्ड, पातळी प्रिन्सपासून एम्पररपर्यंत. डेइटी या सगळ्यात अवघड पातळीवर संगणकाच्या राजांना सुरुवातीलाच तीन सेटलर (नवं शहर वसवणारे) आणि पाच वॉरियर मिळतात, त्यामुळे तिथे हेच जास्त घाईने आणि जास्त भीत भीत करावं लागतं. २०२५मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीचे नियम वेगळे आहेत.

१. पहिलं शहर: आधी पाणी, मग विकाऊ माल

नदी किंवा तळ्याला लागून शहर वसवलं तर ५ हाऊसिंग (माणसं मावायची जागा) मिळतं, समुद्रकिनारी ३ आणि कोरड्या जागी फक्त २. दोन माणसांतच वाढ अडखळणारी राजधानी कुणालाच नको, म्हणून गोड्या पाण्यासाठी एखादा टर्न चालावं लागलं तर चालावं. प्लेन्सवरची टेकडी मिळाली तर दुधात साखर: शहराच्या मधल्या टाइलवरच (टाइल म्हणजे नकाशावरचं एक घर) २ अन्न आणि २ उत्पादन.

आता आसपासच्या लक्झरी, म्हणजे चैनीच्या वस्तू, बघा. हिरे किंवा मीठ असेल तर मायनिंग, हस्तिदंत किंवा फर असेल तर अ‍ॅनिमल हजबंड्री, मसाले किंवा रेशीम असेल तर पॉटरीमार्गे इरिगेशन. पहिलं तंत्रज्ञान मी यावरूनच ठरवतो. लक्झरीच्या टाइलवरच शहर वसवलं तर ते तंत्रज्ञान हाती आल्यावर बिल्डर न लावताच वस्तू मिळते. विक्रीला माल लवकर तयार होतो, एवढ्यासाठी हे मुद्दाम लक्षात ठेवा.

२. काय बांधायचं, काय नाही

माझा क्रम ठरलेला आहे: स्काऊट (टेहळ्या), स्लिंगर (गोफणवाला), सेटलर, पुन्हा सेटलर. मॉन्युमेंट मध्येच कुठेतरी. बिल्डर शक्यतो विकत.

स्टोनहेंजला १८० उत्पादन लागतं. पहिला सेटलर ८०ला पडतो, पुढचा प्रत्येक ३०ने महाग. म्हणजे त्या गोल दगडांच्या भावात जवळजवळ दोन शहरं होतात. असं वंडर, म्हणजे जगप्रसिद्ध वास्तू, बांधावंसं सगळ्यांनाच वाटतं, चित्रफीतही सुंदर असते, पण पहिल्या ५० टर्नमध्ये तो मोह टाळाच.

सेटलर तयार झाला की शहराची लोकसंख्या एकाने घटते, त्यामुळे शहर दोन-तीनवर आल्यावरच तो लावा. अर्ली एम्पायर ही सिव्हिक (संस्कृतीतून मिळणारा शोध) मिळाली की कॉलनायझेशन हे धोरणाचं कार्ड घाला. सेटलरचं काम ५० टक्के जास्त वेगाने होतं. तोवर अर्बन प्लॅनिंग ठेवा, प्रत्येक शहराला एक जादा उत्पादन देतं.

बिल्डर २०० गोल्डला मिळतो आणि तीन कामं करून संपतो. ती तीन कामं वेगवेगळ्या टाइलवर झाली की क्राफ्ट्समनशिपची प्रेरणा मिळते आणि त्या सिव्हिकचा खर्च बराच उतरतो. एक काम लक्झरीवर, एक खाणीवर, एक शेतावर. पहिल्या बिल्डरला झाडं तोडायला लावू नका. तो पराक्रम नंतर जास्त फळ देतो.

३. रानटी टोळ्यांचा हेर

बार्बेरियनांचा स्काऊट तुमचं शहर बघतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं. तो आपल्या तळावर परत पोचला की टोळी निघते. म्हणून चिन्ह दिसलं की बाकी सगळं सोडून त्याला गाठा किंवा वाट अडवा. स्लिंगरने कुणालाही ठार केलं की आर्चरीचा युरेका (प्रेरणेसारखीच, पण तंत्रज्ञानावरची सूट) मिळतो, म्हणजे ही राखण फुकट जात नाही. नवे तळ फक्त अंधारातल्या, कुणाच्याच नजरेत नसलेल्या टाइलवर उगवतात. मोकळा वॉरियर एखाद्या टेकडीवर बसवून ठेवलात तर तेवढा मुलूख सुरक्षित.

४. पहिली भेट, त्याच टर्नला

माझ्या मते सगळ्या लेखातली कळीची पायरी हीच. नवा राजा भेटला की त्याच टर्नला शिष्टमंडळ पाठवा. त्या टर्नला त्याचं तुमच्याबद्दल काही मत झालेलं नसतं, त्यामुळे तो बहुधा स्वीकारतो. पुढच्या टर्नपासून त्याच्या आवडीनिवडी लागू होतात आणि तोच माणूस तोंड फिरवतो. समोरून शिष्टमंडळ आलं तर घ्या. २५ गोल्ड तुमच्याकडे येतं. तिजोरीत कायम ५० ठेवा, कारण दोन राजे एकाच टर्नला भेटू शकतात.

मग त्याची आवड-नावड वाचा. माँटेझुमाकडे नसलेली लक्झरी तुमच्याकडे असली की त्याचं पोट दुखतं. चीनच्या चिन शी हुआंगला वंडरच्या बाबतीत कुणी पुढे गेलेलं खपत नाही. पेरिक्लीसला नगरराज्यांसाठी त्याच्याशी चढाओढ करणारा आवडत नाही. चंद्रगुप्ताच्या जवळ शहरं वसवलीत तर तो चिडतो, आणि कौटिल्याच्या ग्रंथावरून नाव ठेवलेलं ‘अर्थशास्त्र’ हे त्याचं वैशिष्ट्य नेमकं शेजाऱ्याचा मुलूख बळकवायच्या कामी येतं. तो शेजारी आला की मी दुसरं शहर मुकाट्याने उलट्या दिशेला नेतो.

चेहरा हिरवा हसरा दिसायला लागला की मैत्रीची घोषणा मागा. ती ३० टर्न टिकते आणि तेवढ्या काळात दोघांनाही एकमेकांवर युद्ध पुकारता येत नाही. सैन्यावर खर्च न करता मिळालेली ही ३० टर्नांची तटबंदीच म्हणायची. नाही म्हणाला तर पाच टर्नांनी पुन्हा विचारा, लाजू नका.

तिसऱ्या कुणावर मिळून हल्ला करायची निमंत्रणं येतील. मी ती सरळ नाकारतो: लूट त्यांच्या पदरात आणि बदनामी माझ्या नावावर. ‘आमच्याजवळ शहर वसवू नका’ असं कुणी बजावलं आणि तुम्ही शब्द दिलात, तर तो पाळा. सेटलर आधीच वाटेवर असेल तर शब्द देऊच नका. दिलेला शब्द मोडला की राग जास्त वाढतो.

५. माल विका, रोखीने

एक लक्झरी चार शहरांना एकेक अ‍ॅमेनिटी (लोकांना खूश ठेवणारी सोय) देते. तिची दुसरी प्रत तुमच्या काहीच उपयोगाची नाही, पण ज्याच्याकडे ती नाही तो गोल्ड मोजतो. शहरातल्या पहिल्या दोन माणसांना अ‍ॅमेनिटी लागत नाही, त्यामुळे शहरं लहान असेपर्यंत मी एकुलती एक लक्झरीसुद्धा विकतो. लोक थोडे कुरकुरले तर कुरकुरू देत, त्या पैशात बिल्डर येतो.

व्यवहाराच्या पडद्यावर आपल्या बाजूला वस्तू ठेवा. समोरच्याकडे किती गोल्ड आहे ते तिथेच दिसतं. आकडा टाका, मान्य झाला की लगेच सही न करता वाढवत जा, आणि नकार आला की एक पाऊल मागे या. सगळ्या राजांना विचारा. भाव सारखा नसतो, आणि तुमच्यावर रुसलेला कमीच देतो. डिप्लोमॅटिक फेव्हर (राजनैतिक वजन) साठला असेल तर तोही विका, सुरुवातीला त्याचं दुसरं काही होत नाही.

पैसे एकरकमी घ्यायचे की दर टर्नला? दुकानातली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आठवा. दर टर्नच्या हप्त्यांची बेरीज मोठी दिसते, पण युद्ध पेटलं की हप्ते बंद. एकरकमी घेतलेलं मात्र तुमचंच राहतं. शिवाय टर्न २५ला आलेल्या बिल्डरची कमाई टर्न ४५ला आलेल्याच्या कितीतरी पट असते. समोरच्याकडे रोख नसेल तेव्हाच हप्ते घ्या, तेही मैत्री जाहीर केलेल्याकडून.

राखीव ५० सोडून आलेलं गोल्ड त्याच टर्नला खर्च करा: आधी बिल्डर, मग सेटलर. लक्झरी विकून बिल्डर, त्या बिल्डरकडून दुसरी लक्झरी, ती विकून सेटलर. हे चक्र टर्न ३०च्या आत एकदा जरी फिरलं तरी डाव हाताशी आला असं समजा.

६. नगरराज्यं आणि पहिला व्यापारमार्ग

नगरराज्य सगळ्यांत आधी तुम्हाला सापडलं तर एक दूत फुकट मिळतो आणि त्या एका दूतावर राजधानीला बक्षीस सुरू होतं, उदाहरणार्थ सांस्कृतिक नगरराज्याकडून दोन संस्कृती. स्काऊट पहिला बांधायचा तो यासाठी. तीन नगरराज्यं भेटली की पोलिटिकल फिलॉसॉफीची प्रेरणा मिळते आणि पहिलं खरं सरकार लवकर येतं.

फॉरेन ट्रेड सिव्हिक मिळाली की एक ट्रेडर पाठवता येतो. परदेशी मार्गाने गोल्ड येतं, घरच्या मार्गाने अन्न आणि उत्पादन. मी पहिला ट्रेडर नव्या शहरातून राजधानीकडे लावतो. ते शहर पटकन उभं राहतं आणि वाटेत आपोआप रस्ता होतो. करन्सीचा युरेका दोन्हीकडून सारखाच मिळतो.

७. हद्दीवर नजर

शेजारी हसरा असला तरी दोन स्लिंगर आणि एक वॉरियर ठेवाच, आणि आर्चरी आली की स्लिंगर आर्चर करून घ्या. नवं शहर परक्या राजधानीच्या अगदी पुढ्यात नको, कारण नऊ टाइलपर्यंतची लोकसंख्या निष्ठेवर दाब टाकते आणि शहर बंड करून हातचं जातं.

आणि एक कागद जवळ ठेवा. लक्झरीचे व्यवहार आणि मैत्री, दोन्ही ३० टर्नांनी संपतात. माझ्या कागदावर दोनच रकाने असतात, राजाचं नाव आणि टर्नचा आकडा. गिल्गामेशचं नाव सगळ्यात वर.