चाळकेवाडीच्या सड्यावर निळ्या गळ्याचा सरडा बघायचाय?

पहिली गोष्ट, हा सरडा बघायला ऑगस्ट-सप्टेंबरात जाऊ नका. तेव्हा सगळे फुलं बघायला त्या बाजूला जातात पण सरड्याचा खरा थाट असतो एप्रिल-मेमधे, पाऊस यायच्या आधी, सडा, म्हणजे हे कातळाचं पठार, पार करपलेला असताना. सातारहून बोगद्यातून सज्जनगड फाटा, ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडी. पवनचक्क्या दिसायला लागल्या की समजा आलात.

शास्त्रीय नाव 'सरडा सुपर्बा', आणि हो, यातलं सरडा म्हणजे आपलाच मराठी सरडा, २०१६ साली ही नवीन प्रजाती (genus) वेगळी काढली तेव्हा नावच हे दिलं. मला तर हे फार आवडलं.

सकाळी ऊन जरा तापलं की चालायला लागा आणि जमिनीपेक्षा दगडांच्या टोकांवर नजर ठेवा, कारण नर उंचशा दगडावर चढून बसतो आणि गळ्याची पिशवी पंख्यासारखी उघडतो-मिटतो, निळा काळा नारिंगी असा एकदम भडक रंग चमकतो. पिशवी मिटली की समोर असून दिसत नाही, नुसता मातकट तपकिरी. मादी तर कायमच तशी. भरदुपारी सावलीत दडतात, तेव्हा डबा खाऊन घ्या.

दिसला की पळत जाऊ नका, पंधरा-वीस पावलांवर गपचूप खाली बसा, तो परत वर येतो. एक गंमत सांगतो, २०१८ साली आलेल्या अभ्यासात दिसलं की पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी म्हणून तिथले सरडे जास्त आणि धीट, माणूस बराच जवळ गेला तरी हलत नाहीत. पण गर्दीमुळे खाण्यात वाटेकरी वाढले, त्यामुळे अंगाने बारीक आणि रंगही फिके. म्हणजे मोबाईलवर फोटो काढायचा असेल तर चक्क्यांजवळ, आणि खरा रंग बघायचा असेल तर दुर्बीण घेऊन चक्क्यांपासून लांब. मी लांबच जातो.

आणखी एक, दगड उलटवू नका प्लीज. ते त्याचं घर आहे, आणि खाली विंचू किंवा फुरसं निघालं तर सरडा राहील बाजूला. हातात धरून पायाची बोटं मोजायचीही गरज नाही, मागच्या पायाला चारच असतात, झूम केलेल्या फोटोत मोजा. टोपी आणि दोन लिटर पाणी मात्र न्याच, सड्यावर झाड म्हणून नाही.