एरर कॉइन की नुसतं मार खाल्लेलं नाणं? नवीन लोकांसाठी थोडं

नाणी जमवायला नुकतीच सुरुवात केलेले बरेच जण मला फोटो पाठवतात, "हे एरर आहे का, किती येतील?" एरर म्हणजे टांकसाळीतच चुकून बिघडलेलं नाणं, आणि खरं सांगायचं तर त्यातली बहुतेक नाणी टांकसाळीत नाही, बाहेर बिघडलेली असतात. कोणीतरी रुळावर ठेवलेलं, गॅसवर तापवलेलं, नाहीतर कडी झाळून गळ्यात घातलेलं आणि नंतर कडी काढलेलं. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतात वगैरे व्हिडिओ तर सोडूनच द्या, ते 2012 चं साधं स्मारक नाणं आहे, एररशी त्याचा काही संबंध नाही.

आधी नाणं बनतं कसं ते डोक्यात बसवा, पुस्तकं नंतर घ्या. पत्र्यातून चकत्या कापतात, त्यांना ब्लँक म्हणतात, त्या भट्टीत नरम करतात, मग मशीनमध्ये दाबून कड थोडी उभी करतात आणि शेवटी प्रेसमध्ये कॉलर नावाच्या कड्यात ठेवून दोन डायच्या, म्हणजे छाप कोरलेल्या ठशांच्या, मधे दणका देतात. एका दणक्यात दोन्ही बाजू आणि कड, सगळं एकदम. म्हणूनच दणक्यात गडबड झाली की ती सहसा एकाच जागी दिसून थांबत नाही. छाप सरकलेला असेल तर सहसा दोन्ही बाजूंना सरकलेला असतो, एक बाजू मधोमध आणि दुसरी सरकलेली असं दिसलं की मी सावध होतो.

क्लिपचं, म्हणजे कडेचा घास गेलेल्या नाण्याचं, बघा. पत्र्यात आधीच्या भोकावरच पंच पडला तर चकतीला चंद्रकोरीसारखा घास बसतो. आता ही चकती कड उभी करायच्या मशीनमधून जाते तेव्हा घास पडलेल्या जागी दाबायला काहीच नसतं, त्यामुळे बरोबर समोरच्या टोकाची कडही नीट दाबली जात नाही आणि तिथे ती बसकी, पुसट राहते. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. प्रत्येक खऱ्या क्लिपला तो दिसेलच असं नाही, पण कानशीने घासून क्लिप बनवणाऱ्याला समोरच्या कडेचं सुचतच नाही. शिवाय खऱ्या क्लिपजवळची अक्षरं जरा ओढल्यासारखी, फिकट होत जातात, घासलेल्यात अक्षर एकदम तुटतं.

सगळ्यात जास्त फसवणूक ब्रॉकेजमध्ये होते, बाजारात त्याला लखी म्हणतात. आधीचं नाणं डायला चिकटून राहतं, पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते, म्हणजे तिच्या एका बाजूला नेहमीचा छाप आणि दुसऱ्या बाजूला तोच छाप उलटा आणि खोलगट. आता घरगुती लखी कशी करतात तर ॲल्युमिनियमची दोन दहा पैशांची नाणी घ्यायची (मऊ असतात बिचारी) आणि व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळायची. लुपमधून, म्हणजे छोट्या भिंगातून, बघितलं की खोलगट उलट्या अक्षरांखाली त्या बाजूचा मूळ छाप चेपटलेला दिसतो, आणि पाठीमागची बाजू सपाट झालेली असते, कधीकधी तर व्हाइसच्या जबड्याचे चरेसुद्धा उमटलेले असतात. पूर्ण ब्रॉकेजमध्ये त्या बाजूला मूळ छाप नसतोच, कारण डायने तिथे ठोकलेलंच नाही. विकणारा कितीही शपथा घेऊ दे, दोन छाप एकावर एक दिसले की मी नाणं परत ठेवतो.

डायच्या भानगडी मात्र एकाच बाजूला असतात, ते वेगळं. डायला तडा गेला की त्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. बाहेर पडलेला ओरखडा मात्र खोल असतो आणि त्याच्या काठावर धातू सरकून वर आलेला असतो. नखाने नाही, लुपनेच बघा. डायमध्ये ग्रीस भरलं तर अक्षर गायब होतं पण आजूबाजूची चमक तशीच राहते, झिजलेल्या नाण्यात चमकही गेलेली असते.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यात मधला भाग ठोकून काढतात आणि मिसिंग कोअर म्हणून विकतात. कोअरशिवाय खरोखर छापलं गेलं असेल तर दणक्याने धातू भोकाच्या आत सरकलेला दिसतो, ठोकून काढलेल्यात भोकाची आतली कड सरळ आणि खरवडलेली. आणि हो, ₹ चिन्ह नाही म्हणून ते एरर नाही! 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं होतं की दहाच्या नाण्याचे 14 डिझाइन चालू आहेत.

नवीन माणसाने डाय रोटेशनपासून सुरुवात करावी असं माझं मत. आपली नाणी पुस्तकाचं पान उलटावं तशी फिरवली की मागची बाजू सरळच दिसायला हवी, तिरकी किंवा उलटी दिसली तर रोटेशन. दोन नाणी कापून जोडल्याशिवाय हे बाहेर करता येत नाही आणि जोडलेलं असेल तर कडेच्या आतून सांधा सापडतो, वाजवल्यावर आवाजही बद्द येतो. दहा-पंधरा अंशांच्या फरकाला कोणी भाव देत नाही, ते सांगून ठेवतो.

सामान फार लागत नाही, 10एक्स लुप, शतांश ग्रॅम दाखवणारा काटा, एक चुंबक. 2011 च्या सिरीजचा रुपया 3.79 ग्रॅम, दोन रुपये 4.85 ग्रॅम, दोन्ही स्टीलचे म्हणून चुंबकाला चिकटतात. नाणं मोठं झालेलं वाटतंय पण वजन तेवढंच आहे तर तेवढ्यावर खूश होऊ नका, रुळावरच्या नाण्याचंही वजन जात नाही, फक्त ते लांबट होतं आणि अक्षरं पसरतात. कॉलरबाहेर छापलेल्यात अक्षरं शार्प राहतात.

कोणाला फोटो पाठवाल तेव्हा दोन्ही बाजू, कड आणि काट्यावरचं वजन असे चारही पाठवा, सोबत त्याच वर्षाचं चांगलं नाणं शेजारी ठेवून एक. आणि पितांबरीने घासून चकचकीत करून तर अजिबात पाठवू नका, मूळ चमक गेली की ग्रीस की झीज हे कोणालाच सांगता येत नाही.