दोघांचं कोल्हापूर, दोन दिवस अन् एक थाई जेवण

शनिवारी पहाटेच पोचा, अंबाबाईचं दर्शन आधी उरका, नवरात्रात येऊच नका नाहीतर अर्धा दिवस रांगेतच जातोय. मग १८८४ साली बांधून झालेला न्यू पॅलेस बघा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, पण कमीच खावा कारण रात्री थाई जेवायचंय! हॉटेलला आधी फोन करून ग्रीन करी मिळते का विचारा, त्यात नारळाचं दूध असतंय, आपल्या पांढऱ्या रश्श्यासारखंच, म्हणून कोल्हापूरकराला ती पटकन आवडते, भात जरा जास्तच मागवा. शाकाहारी असाल तर पॅड थाईत (तांदळाच्या परतलेल्या नूडल्स) फिश सॉस, म्हणजे माशाचा सॉस, नको म्हणून स्पष्ट सांगा, नुसत्या भाज्या बघून कळत नाही ते. रविवारी पन्हाळा, साधारण २० किलोमीटर, ऊन चढायच्या आत निघा.